कडुनिंबाची सावली खाणारे भुंगेरे

वर्धा जिल्ह्यातल्या वस्त्यांनी उन्हाळा काढायचा तो कडुनिंबाच्या भरवशावर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, टिनाच्या छपराखाली बसवत नाही. मग म्हाताऱ्यांची खाट, लेकराचा पाळणा आणि बायांचे निवडण-टिपण सारे निंबाखाली येते. अशातच वळवाचा जोरदार पाऊस पडतो आणि चार-आठ दिवसांत पानांची चाळण होते. काही फांद्यांना तर नुसते देठ उरतात. दिवसा पाहावे तर झाडावर किडा नाही. मग कोणी म्हणते रोग पडला, कोणी म्हणते नजर लागली.

नजर-बिजर काही नाही. कारण जमिनीत आहे. हे काम हुमणीच्या भुंगेऱ्यांचे आहे. आपल्याकडे तिला उन्नीही म्हणतात.

हे तपकिरी भुंगेरे पहिल्या चांगल्या पावसाने जमीन ओली झाली की अंधार पडताना बाहेर येतात. कडुनिंब, बाभूळ, बोर ही त्यांची आवडती झाडे. रात्रभर पाने खायची आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरायचे, असा त्यांचा क्रम असतो. एक मादी मातीत साधारण ५० ते ६० अंडी घालते. त्यातून निघालेल्या पांढऱ्या अळ्या पावसाळाभर सोयाबीन, भुईमूग आणि नव्या रोपट्यांची मुळे खातात. म्हणजे आज वस्तीची सावली गेली, तर उद्या ज्या शेतात आपण निंदायला जातो तेथील पीकही जाते. पीक गेले की मजुरीही गेली.

उपाय मात्र बिनपैशाचा आहे. पाऊस पडल्यानंतरच्या पाच-सहा संध्याकाळी, साडेसात ते नऊच्या सुमारास झाडाखाली जुनी धोतरे-लुगडी अंथरावी. लांब बांबूला आकडी बांधून फांद्या जोराने हलवाव्या. खाली पडलेले भुंगेरे वेचून साबणाच्या घट्ट पाण्याच्या घमेल्यात टाकावे. ते चावत नाहीत. पण पहिल्या पावसात साप-विंचूही निघतात, म्हणून पायात जोडे आणि हातात टॉर्च हवीच. एका टोपल्यावर उंच बल्ब टांगून खाली साबणाचे पाणी ठेवले, तर उजेडाकडे आलेले भुंगेरे त्यात पडतात. नऊनंतर दिवा मालवावा, नाहीतर उपयोगी किडेही मरतात. लहान रोपांवर रात्री जुनी मच्छरदाणी टाकावी. आळ्यात कच्चे शेण न घालता पूर्ण कुजलेलेच खत घालावे.

उंच झाडावर विषारी औषध फवारण्याच्या भरीस पडू नका. खाली आपलीच लेकरे खेळतात, पाण्याचे माठ असतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरता येणार नाही. प्रादुर्भाव फारच असेल, तर सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाकडे विचारावे.

मोठा निंब खाल्ला गेला तरी पावसात पुन्हा फुटतो. म्हणून घाबरून झाड तोडू नये.

एकट्या घराने भुंगेरे वेचून भागत नाही, कारण शेजारच्या बाभळीवरचे उडून येतात. गावातल्या तरुणांनी, महिला मंडळांनी आळीपाळीने झाडे वाटून घ्यावीत. वर्षातून एकदाच हे भुंगेरे हाती लागतात. त्या चार संध्याकाळी टीव्ही बंद ठेवा आणि बांबू हातात घ्या.