मांडवीकाठचा आबे फारिया

पणजीस मांडवीच्या तीराजवळ, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यास लागून, एक ब्राँझचे शिल्प उभे आहे. पायघोळ झगा घातलेला एक धर्मगुरू पुढे झुकला आहे, त्याचे हात पसरलेले आहेत, आणि त्यांच्यापुढे एक स्त्री मागे कलंडत आहे. परगावचा प्रवासी येथे थबकतो. कोणी त्यास जादूगार समजतो. कोणास तर हा अत्याचाराचाच प्रसंग वाटतो. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ सालची. ती नीट पाहावयाची तर या धर्मगुरूचे म्हणणे काय होते हे आधी ठाऊक असावयास हवे.

जुझे कुस्तोदियु द फारिया याचा जन्म १७५६ साली बारदेशातील कांदोळी गावी झाला. पित्याबरोबर तो युरोपास गेला, रोममध्ये त्याने धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि पुढे पॅरिस जवळ केले. द्युमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मधील बंदिवान आबे याच नावाचा; मात्र कादंबरीकाराने त्यास इटालियन करून टाकले आहे. आपल्याकडे पुष्कळांस फारिया ठाऊक आहे तो एवढाच, ही खेदाची गोष्ट होय.

त्या काळी मेस्मर या वैद्याचा मोठा बोलबाला होता. सर्व प्राण्यांतून एक सूक्ष्म चुंबकीय द्रव वाहतो व तो हातांच्या द्वारे रोग्याच्या देहात सोडता येतो, असे त्याचे प्रतिपादन. फ्रेंच राजाने नेमलेल्या समितीने १७८४ मध्ये असा द्रव नाहीच, जे घडते ते कल्पनेने, असा निर्वाळा दिला. लाव्हाझिये आणि बेंजामिन फ्रँकलिन हे त्या समितीत होते. परंतु ‘कल्पना’ म्हटले की प्रकरण मिटले, अशीच बहुतेकांची समजूत झाली. ते मिटत नाही, तेथूनच खरा प्रश्न सुरू होतो, हे फारियाने ओळखले.

१८१३ पासून तो पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. माणसास स्वस्थ बसवून डोळे मिटावयास सांगावे, चित्त एकाग्र करावयास लावावे, आणि मग ठासून आज्ञा करावी: ‘झोप!’ एवढ्याने काम झाले नाही तर उघडा तळहात दुरून दाखवीत हळूहळू डोळ्यांजवळ आणावा. हात येथे नजर खिळविण्यापुरता. त्यातून काहीही वाहत नाही. निद्रेचे कारण निजविणाऱ्यात नसून निजणाऱ्यात आहे, हा त्याचा सिद्धांत. पॅरिसने त्याची टर उडविली. १८१६ मध्ये त्याच्यावर प्रहसनही रंगभूमीवर आले. त्याचा ग्रंथ निघाला १८१९ साली, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला. पुढे नान्सी येथील वैद्यांनी सूचनेच्या सामर्थ्यावर आपली चिकित्सा उभारली तेव्हा त्याच्या विचाराची किंमत कळू लागली. गोमंतकीय वैद्य दालगादो यांनी १९०६ मध्ये त्याचे फ्रेंच चरित्र प्रसिद्ध केले.

आता पुन्हा शिल्पाकडे वळावे. त्यातील सारा आवेश धर्मगुरूच्या हातांत एकवटला आहे, आणि म्हणून पाहणाऱ्याला मेस्मरचा तो द्रवच बोटांतून सुटताना दिसतो! फारियाने आयुष्यभर जे खोडून काढले, तेच त्याच्या स्मारकातून प्रथम मनात भरते. यात कामतांस दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. चित्तात घडणारी क्रिया धातूत दाखवावयाची तर देहाच्या हालचालीखेरीज दुसरे साधन शिल्पकाराजवळ कोणते? पाहणाऱ्याने मात्र हातांपाशी न थांबता बाजूस सरकावे आणि त्या कलंडणाऱ्या स्त्रीकडे निरखून पाहावे. फारियाच्या मते कर्ती तीच आहे.