येरवड्याची भिंत आणि जामिनाची किंमत

पुण्यात बंडगार्डनचा पूल ओलांडला की येरवडा लागतं. नदीच्या अलीकडे कोरेगाव पार्कचे बंगले, पलीकडे कल्याणीनगरचे टॉवर आणि त्यांच्या शेजारी इंग्रजांनी १८७१ साली बांधलेलं येरवडा मध्यवर्ती कारागृह. तेव्हा ही जागा शहराबाहेर होती. श्रीमंत वस्ती नंतर भिंतीपर्यंत आली.

याच कारागृहात सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी उपोषण केलं आणि २४ तारखेला पुणे करारावर डॉ. आंबेडकरांची सही झाली. पेटीत मावणारा ‘येरवडा चरखा’ही इथलाच. पुढे १९४२ मध्ये गांधीजी आणि कस्तुरबांना जवळच्याच आगाखान पॅलेसमध्ये डांबलं. महाल असला तरी तो तुरुंगच होता; १९४४ मध्ये कस्तुरबांनी तिथेच प्राण सोडला.

आज येरवडा कारागृहात विणकाम, सुतारकाम, शिवणकाम चालतं. जागा मात्र पुरत नाही. मंजूर क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आणि कैदी कित्येक वर्षं तिच्या दुपटीहून जास्त. देशभरात २०२२ अखेर दर चार कैद्यांपैकी तिघे ‘कच्चे’ होते, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. अशांना बाहेर यायचं तर जामीन हवा; तो कुणाला किती सहज मिळतो, ते पाहा.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक खवळले, आणि काही दिवसांत त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली.

आता समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या एखाद्या शेतमजुराचा मुलगा पुण्यात कामाला आला आणि गुन्ह्यात अडकला. जामीन मंजूर झाला, तरी जामीनदार कोण? बापाच्या नावावर सातबारा नाही. ऐपतीचा दाखला असलेला माणूस दारव्हा तालुक्यात शोधायचा. मुलाखतीला यायचं तर रात्रभराचा प्रवास आणि बुडालेली मजुरी. दहा मिनिटं बोलून परत फिरायचं.

गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बजावलं. आदेश आहे, पैशाची तरतूद आहे. दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बापाला हे कुणीतरी जाऊन सांगितलं पाहिजे, आणि ते सांगणं सरकारचं कर्तव्य आहे.