गोष्ट कुणाला सांगितली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी जन्माने मुसलमान, लिहितो मराठीत. बायबल पहिल्यांदा हाती आलं ते कॉलेजात असताना, रद्दीच्या दुकानात. ‘नवा करार’ एवढाच भाग होता. पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. आपल्याकडच्यासारखं दिसलं की बरोबरची खूण, पटलं नाही की फुली. पुस्तक संपलं, खुणा पुष्कळ झाल्या आणि हाती काहीच लागलं नाही. दुसऱ्याचा धर्मग्रंथ पेपर तपासल्यासारखा वाचला की तो बोलायचं बंद करतो.

लहानपणी कुराण शिकवणारे मौलवीसाहेब आयतीचा अर्थ सांगण्याआधी तिचं ‘शाने नुजूल’ सांगत. म्हणजे ती कोणत्या प्रसंगी उतरली, समोर कोण होतं. हीच रीत बायबल वाचताना वापरावी, हे मला फार उशिरा सुचलं.

लूकच्या शुभवर्तमानातली, दहाव्या अध्यायातली गोष्ट घ्या. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू गाठतात, मारून अर्धमेला टाकून जातात. एक याजक बघून पलीकडून निघून जातो, एक लेवीही तसाच. मग एक शोमरोनी येतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो. तिथे चांदीची दोन नाणी देतो. त्या काळच्या मजुराची ती दोन दिवसांची मजुरी.

छापील प्रतींत या गोष्टीवर ‘चांगला शोमरोनी’ असा मथळा असतो. मथळे नंतरचे आहेत. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, नव्या कराराच्या आजच्या ओव्यांचे क्रमांक आले 1551 मध्ये. मूळ मजकुरात ‘चांगला’ हा शब्द नाहीच. आणि ऐकणाऱ्यांच्या मनात तो येणंही कठीण होतं. यहुदी आणि शोमरोनी यांचं जुनं वैर. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटी यहुदी राज्यकर्ता हिर्कॅनसने पाडलं होतं. वैर एकतर्फीही नव्हतं. एक पान मागे जा. नवव्या अध्यायात शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरायला जागा नाकारलीय, आणि त्याचे दोन शिष्य विचारतात की आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करू का? येशू त्यांना दटावतो. ती नकारघंटा वाचून मग ही गोष्ट वाचली की तिचं वजन कळतं. सुटी गोष्ट वाचणाऱ्याला ते कळत नाही.

याजक का थांबला नाही? प्रवचनांत ठरलेलं उत्तर असतं: प्रेताला शिवलं तर मंदिरातली सेवा चुकेल. पण मजकूर नीट बघा. याजक त्या वाटेने ‘खाली’ जात होता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. म्हणजे तो मंदिराकडे निघालाच नव्हता, मंदिराकडून येत होता. एका शब्दाने ती सबब पुष्कळच लंगडी होते. कवीला अशा शब्दांचं व्यसन असतं म्हणा.

मात्र इथेच एक घसरण आहे. याजक आणि लेवी वाईट, म्हणून यहुदी वाईट, असं वाचन शतकानुशतकं झालं आणि त्याचा विखार युरोपातल्या यहुद्यांनी सोसला. सांगणारा येशू यहुदी, विचारणारा शास्त्री यहुदी, ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचनही त्यांच्याच लेवीय ग्रंथातलं. हा घरातला वाद आहे. बाहेरच्याने, म्हणजे माझ्यासारख्याने, त्यात एका बाजूचा वकील होऊन शिरू नये.

शास्त्र्याने विचारलं होतं, माझा शेजारी कोण? त्याला यादी हवी होती. कुणापर्यंत प्रेम करायचं, कुठे थांबायचं. मराठीतला ‘शेजारी’ भिंतीला भिंत लागून असलेला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘जवळचा’. येशू यादी देत नाही, उलट विचारतो: या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्री म्हणतो, ज्याने दया केली तो. ‘शोमरोनी’ हा शब्द त्याच्या तोंडून येत नाही.

हल्ली मी पेन्सिल बाजूला ठेवतो आणि शोमरोन्याच्या जागी कुणाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, ते आधी आठवतो. नाव आहे. ते इथेही सांगवत नाही.

आणि तो जखमी? अंगावर कपडे नाहीत, तोंडातून बोली नाही, त्यामुळे जात-जमात ओळखायला खूणच उरलेली नाही. लूक फक्त ‘एक माणूस’ म्हणतो. उतारशाळेत शुद्धीवर आल्यावर, आपल्या जखमा कुणी बांधल्या हे कळलं तेव्हा तो काय म्हणाला, हे गोष्टीत नाही.