आयसीयूच्या दाराबाहेरची चार माणसे



कोयना खोऱ्यातील वाड्यावस्त्यांवरून, कधी कुंभार्ली घाट चढून कोकणातूनही, गंभीर रुग्ण कराडला आणतात. रुग्ण आयसीयूत जातो, दार बंद होते आणि त्याची माणसे बाहेर बसून राहतात. आदिवासी कुटुंबांसोबत तिथे बसताना मला जाणवले, की आत काय चालले आहे हे न कळण्याचीच त्यांना सर्वांत जास्त भीती वाटते.

मण्यारीच्या दंशाचे उदाहरण घ्या. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. सूज, वेदना फारशी नसते; पण काही तासांत पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पदंशावरची लस दिली तरी ते पूर्ववत व्हायला काही दिवस लागू शकतात. तोवर व्हेंटिलेटर श्वास देतो. रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही. नातेवाईक म्हणतात, “माणूस गेला, मशीनवर ठेवलाय.” पण लुळे पडलेले असतात ते स्नायू, त्याला सगळे ऐकू येत असू शकते. अशा वेळी रुग्णाला घरी नेले, तर वाचू शकणारा माणूस हातचा जातो.

मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून प्रभूकडे आणले. आयसीयूतल्या रुग्णासाठीही चौघे लागतात.

पहिला, आत भेटायला जाणारा. हात स्वच्छ धुवावेत. रुग्णाला नावाने हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, आज वार कोणता, घरी सगळे कसे आहेत ते बोलावे. नर्सताईंना विचारून हात हातात घ्यावा. खाटेजवळ रडारड, पैशांची चर्चा नको. प्रार्थना थोडक्यात, हळू आवाजात करावी. कुटुंब ख्रिस्ती नसेल तर आधी विचारावे.

दुसरा, डॉक्टरांशी बोलणारा. रोज एकानेच बोलावे आणि वहीत लिहावे. तीन प्रश्न पुरतात: कालच्यापेक्षा आज कसे आहे? आज काय करणार आहात? आम्ही कशाची तयारी ठेवावी? उत्तर कुटुंबाला त्यांच्या बोलीत सांगावे. मॉनिटरचे आकडे सतत बदलतात. प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो, हेही सांगावे.

तिसरा, कागदपत्रे पाहणारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी आरोग्यमित्रांना भेटावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, यादीतील उपचारांसाठी आणि योजनेतील रुग्णालयांत, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. हे न विचारता घरातली शेळी किंवा डोरले विकू देऊ नका.

चौथा, घर सांभाळणारा. वाडीवर मुले असतात, कोंबड्या-शेळ्या असतात, बुडालेली मजुरी असते. दाराबाहेरच्या आईला डबा हवा असतो आणि रात्रभर झोपही. “मी इथे बसतो, तुम्ही पडा जरा,” हे वाक्य मोठ्या देणगीइतके मोलाचे आहे.

प्रत्येक रुग्ण वाचत नाही. डॉक्टर आशा नाही म्हणतील, तेव्हा खोटा धीर देऊ नका. “देवाची इच्छा” किंवा “विश्वास कमी पडला” असे तर मुळीच म्हणू नका. शेजारी बसा, प्रभूही लाजराच्या कबरेपाशी रडला. आणि जो वाचून घरी जातो, त्यालाही पुढे कित्येक आठवडे अशक्तपणा आणि वाईट स्वप्ने त्रास देतात. त्याच्या घरी पुन्हा जा.

माझी विनंती एवढीच: अशी चार नावे आपल्या मंडळीत आजच लिहून ठेवा. रात्री दोन वाजता फोन येतो, तेव्हा माणसे शोधायला वेळ नसतो.

प्रभूच्या सेवेत, आपला बंधू