जुन्या रेडिओचा आवाज घरच्या घरी

 रामकथा 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरच्या ‘गीतरामायणा’ने घरोघरी पोहोचवली. बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडके यांचा, तो रेडिओतला स्वर आजच्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये आणता येतो.

आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन केंद्रांत 9 किलोहर्ट्झचे अंतर असते. त्यामुळे गाण्यातले साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचेच स्वर नीट पोहोचतात. झांजेची चमक हरवते. छोट्या स्पीकरमुळे तबल्याच्या डग्ग्याचा घुमाराही जातो. उरतो मधला पट्टा, आणि माणसाचा आवाज ओळखू येतो तो नेमका त्यातच.

म्हणून संगणकावर इक्वलायझरने 300 हर्ट्झखालचे आणि 4,000 च्या वरचे कापावे, ट्रॅक मोनो करावा, किंचित डिस्टॉर्शन द्यावे. खरखर अगदी मागे ठेवावी. बहुतेक जण इथेच अति करतात.

याहून अस्सल उपाय म्हणजे गाणे छोट्या ट्रान्झिस्टरवर वाजवून माइकने पुन्हा टिपणे. त्याच्या डबड्याचा घुमारा कोणत्याही प्लगइनला तंतोतंत साधत नाही.

हा परिणाम पूर्ण गाण्यावर लादू नये. पहिल्या ओळीपुरता ठेवून मग सगळा वाद्यमेळ खुला करून पाहावा.