मागच्या सीटवरचा उस्ताद

गिरड हे वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातले गाव. गावालगतच्या टेकडीवर बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे. दर्शनाला मुसलमान येतात, तसेच हिंदूही येतात. या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. त्यांची एक लोककथा आहे. पण ती पुन्हा केव्हातरी. आज मला टेकडीच्या पायथ्याविषयी सांगायचे आहे. जत्रेच्या दिवशी तेथे मोटारसायकलींच्या रांगाच रांगा लागतात. पूर्वी लोक बैलगाडीने, एसटीने नाहीतर पायी येत. आता घरोघरी मोटारसायकल आहे. एकेका गाडीवर तिघे बसलेले असतात, कधी चौघेही.

मुलांनो, एवढ्या सगळ्यांना गाडी चालवायला कोणी शिकवले असेल? हा प्रश्न मी एकदा आमच्या नववीच्या वर्गात विचारला. "तुमच्यापैकी कोणाला मोटारसायकल चालवता येते?" असे म्हणताच जवळजवळ निम्मे हात वर झाले. "कोणी शिकवली?" असे विचारले, तेव्हा वर्ग गप्प झाला. मग एकजण म्हणाला, "सर, शिकवायचे काय त्यात? आपोआप येते."

मला हसू आले नाही. गाडी पुढे नेणे आपोआप येते, हे खरे आहे. पण गाडी थांबवणे आपोआप येत नाही.

मी मोटारसायकल शिकलो माझ्या मामूंकडून. मामूंचा कापडाचा धंदा होता. मागे गाठोडे बांधून ते आठवडी बाजाराच्या गावांना जात. पूर्वी त्यांच्याकडे राजदूत होती, पुढे त्यांनी हिरो होंडा घेतली. वीस-बावीस वर्षांत त्यांनी उन्हातान्हात, पावसापाण्यात आमच्या भागातले सगळे रस्ते पालथे घातले होते. मला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि शिकाऊ परवाना मिळाला, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. मला वाटले, मामू किक मारून गाडी माझ्या हाती देतील. पण पहिल्या दिवशी त्यांनी किल्लीसुद्धा दिली नाही. ते म्हणाले, "बेटा, आधी गाडी ढकलत मशिदीपर्यंत ने आणि परत आण."

गाडीचे वजन शंभर किलोंहून अधिक. दहा पावलांतच मला घाम फुटला. वळवताना ती अंगावर कलली, तेव्हा समजले की तोल सुटलेली गाडी हाताच्या जोराने सावरत नाही. मग गाडी स्टँडवर लावणे, काढणे, टायरची हवा अंगठ्याने दाबून पाहणे, चेन सैल आहे का ते बघणे, एवढ्यात पहिला दिवस संपला. मला फार राग आला होता. आज वाटते, त्या दिवसाइतका उपयोगी धडा दुसरा नव्हता.

दुसरा धडा क्लचचा. सोयाबीन निघालेले एक मोकळे शेत होते, तेथे मामू मला घेऊन गेले. इंजिन सुरू असते तेव्हा ते सतत फिरत असते; चाक मात्र थांबलेले असते. या दोघांची गाठ घालून देणारा भाग म्हणजे क्लच. डाव्या हाताची दांडी दाबली की आतल्या चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. दांडी सावकाश सोडली की चकत्या आधी एकमेकींवर घासतात, मग चिकटतात आणि गाडी अलगद पुढे सरकते. दांडी एकदम सोडली, तर गाडी झटका देऊन बंद पडते किंवा उसळते. माझी गाडी त्या दिवशी कितीदा बंद पडली, ते मी मोजले नाही. मामू बांधावर बसून म्हणत होते, "पुन्हा." रागावून नाही, आणि हसूनही नाही.

तिसरा धडा ब्रेकचा. यावर जरा सविस्तर बोलू.

मोटारसायकलला दोन ब्रेक असतात. पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताशी आणि मागच्या चाकाचा उजव्या पायाशी. आपल्याकडे बहुतेक लोक फक्त पायाचा ब्रेक दाबतात. "पुढचा दाबू नकोस, पलटी खाशील," असा सल्ला गावोगावी मिळतो. हा सल्ला अर्धवट आहे. तुम्ही एसटीत उभे असताना चालकाने ब्रेक दाबला, तर तुम्ही पुढे झुकता ना? गाडीचेही तसेच होते. ब्रेक लागताच बराचसा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते, म्हणून गाडी थांबवण्याचे मुख्य काम तेच करू शकते. हलक्या झालेल्या मागच्या चाकाला जोराने ब्रेक लावला, तर ते फिरायचे थांबते आणि घसरत जाते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत, हँडल सरळ ठेवावे आणि दाब हळूहळू वाढवावा. रसाचे लिंबू पिळतो तसा दाब, असे मामू सांगत.

आता थोडे गणित करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. समोर बैल आडवा आला. तो दिसणे, धोका समजणे आणि हात ब्रेकवर जाणे, यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ११ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे ११ मीटर लागतात. एकूण झाले २२ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून थोडे जास्त. वेग ६० असेल तर विचार करण्यात १७ मीटर आणि थांबण्यात सुमारे २५, एकूण ४२ मीटर. वेग दीडपट झाला, पण अंतर जवळजवळ दुप्पट झाले. कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रस्ता ओला असेल तर ते आणखी वाढते.

ओल्या रस्त्याचा धडा मात्र मी मामूंकडून घेतला नाही. तो रस्त्यानेच दिला. पहिल्या पावसाचे दिवस होते. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर पसरली होती. आमच्याकडची काळी माती भिजली की साबणासारखी होते. वळणावर एक शेळी आडवी आली आणि मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. हँडल वळलेले होते. पुढचे चाक अडले आणि क्षणात मी खाली होतो. शेळी वाचली. माझ्या डाव्या कोपरावर त्याची खूण अजून आहे. मामूंनी आधी जखम धुतली आणि मग विचारले, "माती दिसली होती का?" दिसली होती. "मग वेग आधीच का कमी केला नाहीस?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींना चाक अडू न देणारी किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. ती मदत करते. पण चिखल ओळखायचे काम डोळ्यांनाच करावे लागते.

डोळ्यांचे शिक्षण सगळ्यात जास्त वेळ घेते. मी गाडी चालवत असे, मामू मागे बसत आणि विचारत, "पुढे काय आहे?" मी म्हणे, "काही नाही." ते म्हणत, "डावीकडे झाडाखाली ट्रॅक्टर उभा आहे. त्याच्या आडून कोणी पोर धावत आले तर?" कापसाच्या दिवसांत संध्याकाळी भरलेल्या बैलगाड्या निघतात. त्यांना मागे दिवा नसतो. समोरून ट्रकचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला की गाडी दिसत नाही. अशा वेळी ट्रकच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहावे आणि वेग उतरवावा. ज्या वस्तूकडे आपण टक लावून बघतो, तिकडेच गाडी जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल; म्हणून नजर मोकळ्या वाटेकडे ठेवायची. जामजवळ आपला रस्ता नागपूर-हैदराबाद महामार्गाला मिळतो. तेथे तर मामू मला दोन महिने नेतच नव्हते.

मागे बसून शिकवण्याची ही पद्धत मामूंनी काढलेली नाही. ती कायद्यातच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकाऊ परवाना असलेल्याने परवानाधारक शिक्षकाला सोबत घेऊनच गाडी चालवायची असते. मोटारसायकलवर शिकाऊ चालकाच्या मागे शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी बसायचे नसते. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात 'एल' हे इंग्रजी अक्षर लावतात. ही पाटी किमान १८ सेंटिमीटर लांबरुंद असावी लागते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. म्हणजे निदान एक महिना उस्तादाजवळ काढावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. आपल्याकडे 'एल'ची पाटी लावायची लाज वाटते. ही लाज कुठून आली, कोण जाणे!

गिअरच्या मोटारसायकलसाठी वय अठरा पूर्ण असावे लागते. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण तो बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीसाठी. अशा गाड्या आज बाजारात जवळजवळ मिळतच नाहीत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. नववीच्या वर्गात मी हे सांगितले, तेव्हा वर झालेले हात हळूच खाली गेले.

आता हेल्मेटविषयी. हेल्मेट मोटारसायकलबरोबर जन्माला आले नाही. त्यामागे एक मृत्यू आहे. इतिहासाच्या पुस्तकात तुम्हांला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हे नाव भेटेल. पहिल्या महायुद्धात तो अरबांबरोबर तुर्कांविरुद्ध लढला. हा टी. ई. लॉरेन्स वेगवान मोटारसायकलींचा शौकीन होता. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये आपल्या घराजवळ सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना तो गाडीवरून फेकला गेला. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी तो मरण पावला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनात राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यातले अनेक मोटारसायकलस्वार डोक्याच्या दुखापतीने दगावू लागले. केर्न्स यांनी त्यांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले.

अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २००८ साली काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागच्या माणसाचे डोके काही वेगळ्या धातूचे नसते! हेल्मेट आयएसआय खुणेचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसलेला असावा. आरशाला अडकवलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते. पट्टा लावल्याचा 'टक्' आवाज ऐकल्याशिवाय मामू मागे बसत नसत.

मागे बसणाऱ्यालाही काही शिकावे लागते. हे तुम्ही आजपासून शिकू शकता, कारण वडिलांच्या किंवा भाईजानच्या मागे तुम्ही रोज बसता. दोन्ही पाय पायदानावर ठेवावेत, वळणावर चालवणाऱ्याबरोबर कलावे आणि उलट बाजूला झुकू नये. मुलींनी आणि आपल्या अम्मीने विशेष लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे ओढणी, बुरखा आणि साडीचा पदर. चेनमध्ये किंवा चाकात कापड अडकले, की क्षणात गळ्याला फास बसतो नाहीतर माणूस मागे खेचला जातो. म्हणून नियमानेच मागच्या चाकाजवळ जाळी, पाय ठेवायला पायदान आणि धरायला मूठ सक्तीची आहे. कित्येक लोक गाडी देखणी दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकतात! बसण्याआधी ओढणीची दोन्ही टोके पुढे घेऊन गाठ मारावी. आणि मागे एकच माणूस बसवता येतो. जत्रा असली तरी कायदा बदलत नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. २०११ साली पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख या दोघींनी 'बायकर्णी' नावाचा मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांचा गट सुरू केला. आज त्यात देशभरातल्या स्त्रिया आहेत. आमच्या घरातही एक आहे. माझी भाची गेल्या वर्षी अठरा वर्षांची झाली आणि आता मामू मी आहे. तिला मी गिरडच्या त्याच शेतात नेले. मामूंची परीक्षा अवघड होती. चालत्या बैलगाडीच्या मागे, पाय न टेकवता, बांधापासून बांधापर्यंत गाडी न्यायची. वेगात तोल आपोआप राहतो. बैलाच्या चालीने जाताना अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक दोन्ही सांभाळावे लागतात. भाचीने दोनदा पाय टेकवला. तिसऱ्या खेपेला ती पलीकडच्या बांधापर्यंत गेली, गाडी थांबवली, न्यूट्रल केली आणि मगच मागे वळून पाहिले.