चटका एक, डाग दुसरा!

मे महिन्यात दुपारी तीनच्या उन्हाला आपण सगळेच घाबरतो. त्वचेला मात्र त्याआधीची वेळ जास्त बाधते! त्वचा बिघडवणारे अतिनील किरण सूर्य माथ्यावर असताना सर्वांत जोरात असतात. मुंबईत मे महिन्यात ती वेळ येते साडेबाराच्या सुमारास, नागपुरात त्याच्याही पंचवीसेक मिनिटं आधी. जमीन आणि हवा तापायला पुढे दोन-तीन तास जातात, म्हणून काहिली तीन वाजता होते. अंगाला जाणवते ती उष्णता. अतिनील किरण जाणवतच नाहीत. सगळी फसगत इथेच होते.

मनालीला गेलेली मंडळी काळवंडून परत येतात ती याचमुळे. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवतो, म्हणजे टोपी घातली तरी हनुवटीखालून भाजतंच. वारा गार असल्यामुळे पत्ता लागत नाही.

मोजायला यंत्र नको, सावली पुरे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की आडोसा शोधायचा. महाराष्ट्र आणि गोव्यात तर वर्षातून दोनदा भर दुपारी सावली चक्क पायाखाली गडप होते, कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. दिल्लीकरांना हे कधीच दिसत नाही. दुसरी खेप पावसाळ्यात येते, तेव्हा ढग असतात; पण पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण आरपार येतात.

काच बंद केली की सुटलो? अर्धवटच. साधी काच कातडी लाल करणारे ‘यूव्हीबी’ किरण अडवते, पण खोलवर जाऊन सुरकुत्या पाडणारे बरेचसे ‘यूव्हीए’ आत येतात. अमेरिकेत २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खिडकीकडचा डावा गाल जाड, लोंबलेला, सुरकुत्यांनी भरलेला. उजवा बराच तरुण. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे असते, एवढाच फरक.

अंधारातही नुकसान चालूच! येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की ‘यूव्हीए’ किरण बंद झाल्यावरही रंगपेशींतल्या डीएनएची मोडतोड तीन तासांहून जास्त वेळ चालू राहते.

लिंबू आणि ऊन ही जोडी तर घातकच. लिंबाच्या सालीतली आणि अंजिराच्या चिकातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं, तर एक-दोन दिवसांनी फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. ‘उजळपणासाठी’ चेहऱ्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला मला म्हणूनच धोकादायक वाटतो. गंमत म्हणजे याच कुळातलं ‘सोरालेन’ हे द्रव्य बावचीच्या बियांत असतं. आयुर्वेदात कोडावर बावची लावून उन्हात बसवत; आजचे त्वचारोगतज्ज्ञही सोरालेन देऊन मोजूनमापून ‘यूव्हीए’ प्रकाश देतात. पण हे काम डॉक्टरांचं, घरी करायचं नाही.

पाणघोड्याला मात्र सनस्क्रीनची बाटली विकत घ्यावी लागत नाही. त्याच्या कातडीतून पाझरणारा तांबडा स्राव अतिनील किरण शोषतो आणि जंतूंनाही रोखतो. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये त्यातली रंगद्रव्यं ओळखली.

आपल्याला बाटली लागते, आणि तिच्यावरच्या ‘एसपीएफ’च्या आकड्याचा भलताच बाऊ होतो. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के ‘यूव्हीबी’ अडवतो, ३० सुमारे ९७ टक्के, ५० सुमारे ९८. म्हणजे तिशीनंतर फरक उरतो चिमूटभर. खरी गोम थराची. हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून ठरवतात. आपण फार तर निम्मं लावतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं मलम घ्यावं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं.

वांग असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सावळ्या त्वचेवर वांग गडद व्हायला डोळ्यांना दिसणारा उजेडही हातभार लावतो आणि नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. लोह ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन तिथे जास्त उपयोगी पडतं. आपल्याकडच्या कित्येक बायकांना हे कुणी सांगतच नाही.

तरीही पहिला मान कापडाचा. रानात खुरपताना बायका साडीवर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, पुण्याच्या मुली गाडीवर स्कार्फ गुंडाळतात. त्वचेच्या दृष्टीनं दोघींचंही शंभर टक्के बरोबर. घट्ट विणीचं, गडद कापड जास्त किरण अडवतं. पांढरा सुती टी-शर्ट भिजला की त्याची आधीच बेताची ताकद आणखी घटते. म्हणून तारकर्लीला पाण्यात उतरताना पोरांना गडद, अंगाबरोबर बसणारा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, आणि शक्यतो सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतरच उतरवा.